स्टीप टर्न, शँडेल, लेझी एट: लहान विमानातील प्रगत मॅन्युव्हर टप्प्याटप्प्याने कसे शिकावेत

व्यावसायिक वैमानिक परवान्याच्या तयारीला लागलेला विद्यार्थी सोलो उडालेला असतो, लांब पल्ल्याची क्रॉस-कंट्री उड्डाणे करून आलेला असतो, त्याचे लँडिंगही बऱ्यापैकी बसलेले असते. आणि तरीही स्टीप टर्न (तीव्र कलाचे वळण), शँडेल (१८० अंशांचे चढते वळण) आणि लेझी एट (चढत-उतरत दोन्ही बाजूंना घेतलेली सलग वळणे) या तीन मॅन्युव्हरांपाशी, म्हणजे ठरीव हवाई हालचालींपाशी, त्याचे तास वाया जाऊ लागतात. कारण बहुतेक वेळा एकच असते. चूक मॅन्युव्हरच्या उत्तरार्धात दिसते, म्हणून दुरुस्तीही तिथेच करण्याचा प्रयत्न होतो. प्रत्यक्षात ती पहिल्या दहा सेकंदांत झालेली असते, आणि कित्येकदा तर विमानात बसण्याआधीच. म्हणून या लेखात मॅन्युव्हरपूर्वीच्या तयारीला मुद्दाम जास्त जागा दिली आहे.

पुढील आकडे सेसना १७२एस या विमानाचे आहेत. अचूकतेच्या मर्यादा अमेरिकेतील एफएए या हवाई नियामक संस्थेच्या व्यावसायिक परवान्याच्या परीक्षेतील आहेत, कारण प्रशिक्षणासाठी तिकडे जाणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांना त्यांनाच सामोरे जावे लागते. बारामती किंवा गोंदियासारख्या ठिकाणी शिकणाऱ्यांनी आपल्या संस्थेची कार्यपद्धती आणि आपल्या विमानाची पुस्तिका हीच अंतिम मानावी. यातील कोणताही मॅन्युव्हर पहिल्यांदा एकट्याने करून पाहू नये. आधी प्रशिक्षकासोबत, आणि एकट्याने त्याच्या स्पष्ट परवानगीनंतरच.

१. जमिनीवरची तयारी

पहिले काम वजनाचे. मॅन्युव्हरिंग वेग (ज्याच्या वर नियंत्रणे पूर्ण आणि झटकन वापरू नयेत तो वेग) हा एकच ठरलेला आकडा आहे असे समजून विद्यार्थी १०५ नॉट पाठ करतात. १७२एसच्या पुस्तिकेत तो २,५५० पौंडांना १०५ नॉट, २,२०० पौंडांना ९८ नॉट आणि १,९०० पौंडांना ९० नॉट असा दिलेला आहे. विमान हलके असेल तर त्याच वेगाला, स्टॉल होण्याआधी (म्हणजे पंखांची उचल तुटण्याआधी), ते अधिक जी (गुरुत्वाकर्षणाच्या पटीतला भार) ओढू शकते; म्हणून ही मर्यादा वजनाबरोबर खाली येते. रिकामे विमान १,६७० पौंडांचे, विद्यार्थी आणि प्रशिक्षक मिळून ३५० पौंड आणि ३० गॅलन इंधनाचे १८० पौंड धरले तर बेरीज २,२०० पौंड होते, म्हणजे त्या दिवसाची मर्यादा ९८ नॉट. याच पुस्तिकेत शँडेल आणि लेझी एटसाठी १०५ नॉट हा प्रवेशवेग (मॅन्युव्हर सुरू करण्याचा वेग) सुचवलेला आहे, आणि गफलत होते ती इथेच. सुचवलेला वेग आणि त्या वजनाचा मॅन्युव्हरिंग वेग यांपैकी जो कमी असेल तोच प्रवेशवेग धरावा आणि तो नीबोर्डवर (मांडीवर बांधायच्या लिहिण्याच्या पाटीवर) लिहून ठेवावा. स्टीप टर्नसाठी सुचवलेला वेग ९५ नॉट आहे. पण विमान आणखी हलके असेल तर त्यालाही हाच नियम लागू होतो.

दुसरे काम तापमानाचे. समुद्रसपाटीपासून १,००० फूट उंचीच्या विमानतळावर मे महिन्यात ४२ अंश सेल्सिअस तापमान असेल, तर तिथली डेन्सिटी अल्टिट्यूड (हवेच्या विरळपणामुळे विमानाला जाणवणारी उंची) जमिनीवरच सुमारे ४,५०० फूट भरते. अशा हवेत १८० अश्वशक्तीच्या इंजिनाकडून जानेवारीतल्या पहाटेची चढाई मागणे व्यर्थ आहे. शँडेलमध्ये उंची कमी मिळाली म्हणून नाक आणखी वर खेचण्याची चूक उन्हाळ्यात जास्त होते ती यामुळेच.

तिसरे काम आसनाचे, आणि माझ्या मते सर्वाधिक दुर्लक्षित. सेसनाचे आसन रुळांवर पुढे-मागे सरकते आणि पिनेने अडकते. पिन रुळाच्या भोकात पूर्ण बसली नसेल तर नाक वर जाताच आसन मागे घसरते, घाबरलेला विद्यार्थी योकला (विमानाच्या हातातल्या सुकाणूला) धरून राहतो, योक मागे ओढला जातो आणि नाक आणखी वर जाते. आसन अडकवल्यावर पायांनी जोर देऊन ते पुढे-मागे हलवून पाहावे. आसनाची उंचीसुद्धा दर उड्डाणाला सारखीच ठेवावी. डोळ्यांची पातळी दोन बोटांनी बदलली तरी क्षितिजाची काउलिंगवरची (इंजिनाच्या आवरणावरची) जागा बदलते आणि कालचा अंदाज आज लागू पडत नाही.

तपासणी: इंजिन सुरू करण्यापूर्वी नीबोर्डवर चार गोष्टी लिहिलेल्या असाव्यात: आजचे वजन, आजचा मॅन्युव्हरिंग वेग, प्रत्येक मॅन्युव्हरचा प्रवेशवेग, आणि ज्या उंचीखाली सराव थांबवायचा ती उंची. मोबाइल, पाण्याची बाटली, सुटे पेन, इंधन तपासण्याची नळी हे सारे बंद कप्प्यात गेलेले असावे.

२. आकाशातली तयारी

सराव क्षेत्रात पोहोचताच मॅन्युव्हर सुरू करू नये. आधी उंची पाहावी. परीक्षेच्या निकषांप्रमाणे हे मॅन्युव्हर जमिनीपासून किमान १,५०० फुटांवर पूर्ण व्हावे लागतात. शिकताना सुरुवात ३,००० फुटांच्या वर असलेली बरी. अल्टिमीटर समुद्रसपाटीपासूनची उंची दाखवतो, जमिनीपासूनची नव्हे, ही गोष्ट सपाट मुलखात शिकलेला विद्यार्थी डोंगराळ भागात गेला की हमखास विसरतो.

त्यानंतर ९० अंशांची दोन क्लिअरिंग वळणे, एक डावीकडे आणि एक उजवीकडे. उंच पंखांच्या विमानात वळणाच्या दिशेचा पंख खाली येऊन नेमकी तीच बाजू झाकतो, म्हणून वळण्यापूर्वी तो पंख किंचित वर उचलून खालची बाजू पाहून घ्यावी. क्लिअरिंग वळण हा परीक्षकाला दाखवण्याचा उपचार समजला जातो; प्रत्यक्षात पुढची काही मिनिटे विमान ज्या हवेत फिरणार आहे ती रिकामी आहे की नाही, हे कळण्याची तेवढीच संधी असते.

याच वळणांत दोन कामे उरकून घ्यावीत. वाऱ्याची दिशा ठरवावी, म्हणजे सराव करता करता विमान क्षेत्राबाहेर वाहून जाणार नाही. आणि क्षितिजावरच्या खुणा निवडाव्यात: समोर एक, आणि पंखाच्या टोकाशी ९० अंशांवर एक. डोंगराचे टोक, कारखान्याची चिमणी, तलावाचा कोपरा यांपैकी काहीही चालेल, पण खूण दूरची हवी. जवळचे शेत खूण म्हणून घेतले तर अर्ध्या वळणात ते पंखाखाली निघून जाते.

इशारा: धुरकट हवेमुळे क्षितिजाची रेषा स्पष्ट दिसत नसेल तर त्या दिवशी शँडेल आणि लेझी एटचा सराव करू नये. उपकरणांकडे पाहून हे मॅन्युव्हर करण्याची सवय एकदा लागली की ती मोडायला जास्त तास लागतात.

३. पायाभूत सराव: स्लो फ्लाइट आणि स्टॉल

शँडेलचा शेवट आणि लेझी एटचा माथा हे दोन्ही स्टॉलच्या काठावर असतात. त्या काठावर विमान कसे वागते हे पायांना ठाऊक नसेल तर पुढचे टप्पे नुसते पाठांतर ठरतात. म्हणून प्रगत सरावाच्या पहिल्या उड्डाणात स्लो फ्लाइटमध्ये (स्टॉलच्या जरा वरच्या वेगाच्या उड्डाणात) १५ ते २० अंशांची वळणे, पॉवरसह आणि पॉवरविना स्टॉल, आणि वळणातला स्टॉल यांची उजळणी करून घ्यावी.

लक्ष रडरवर (पायांनी चालवायच्या शेपटीच्या सुकाणूवर) ठेवावे. कमी वेग आणि जास्त पॉवर असताना विमानाचे नाक डावीकडे ओढले जाते आणि ते सावरण्यासाठी उजवा पाय दाबलेला ठेवावा लागतो. बॉल (विमानाची बाजूला होणारी घसरण दाखवणारा उपकरणातला गोळा) कुठे गेला हे पाहून पाय हलवणारा विद्यार्थी नेहमीच उशिरा असतो. नाक क्षितिजावर कोणत्या बाजूला सरकते आहे ते पाहून पाय हलायला हवा.

स्पायरल (गिरक्या घेत वेगाने खाली जाणे) आणि स्पिन (स्टॉल होऊन गरगरत पडणे) यांतला फरक येथेच पक्का करावा, कारण दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. स्पायरलमध्ये वेग भराभर वाढत असतो. थ्रॉटल बंद करावा, आधी पंख समतल करावेत आणि मगच नाक हळूवार वर आणावे. स्पिनमध्ये विमान स्टॉल झालेले असते आणि वेग कमीच राहतो. थ्रॉटल बंद, एलरॉन (पंखांवरच्या, विमानाला कलवणाऱ्या पट्ट्या) मध्यात, फिरण्याच्या विरुद्ध दिशेचा पूर्ण रडर, योक झटकन पुढे, आणि फिरणे थांबताच रडर मध्यात आणून डाइव्हमधून बाहेर. १७२एसमध्ये मुद्दाम केलेला स्पिन फक्त युटिलिटी श्रेणीत, म्हणजे २,२०० पौंडांपर्यंत आणि मागची आसने रिकामी असतानाच चालतो.

तपासणी: स्लो फ्लाइटमध्ये एक मिनिटभर उपकरणांकडे न पाहता दिशा १० अंशांत राखता येत असेल तर पुढे जावे. नसेल तर आणखी एक उड्डाण इथेच द्यावे.

४. स्टीप टर्न

परीक्षेत अपेक्षा अशी असते: सुमारे ५० अंश बँक (पंखांचा कल), तीही ५ अंशांच्या फरकात, उंची १०० फुटांच्या आत, वेग १० नॉटच्या आत, आणि ३६० अंश पूर्ण झाल्यावर मूळ दिशेच्या १० अंशांत बाहेर पडणे, मग तेच विरुद्ध दिशेला. ५० अंश बँकमध्ये विमानावर सुमारे १.५६ जी येतो आणि स्टॉलचा वेग साधारण २५ टक्क्यांनी वाढतो. ६० अंशांना हे आकडे २ जी आणि ४१ टक्के होतात. शेवटच्या १० अंशांची किंमत अशी चढी असल्यामुळे बँक ५५च्या पुढे सरकू देऊ नये.

पहिली पायरी स्थैर्याची. ९५ नॉट, समतल उड्डाण, ट्रिम (योकवरचा दाब नाहीसा करणारी जुळवणी) पूर्ण बसलेला. योकवरचा हात सोडला तरी विमान उंची धरून राहिले पाहिजे. ही पायरी अर्धवट सोडून वळणात शिरणे हे उंची बिघडण्याचे माझ्या पाहण्यातले सर्वांत सर्रास आढळणारे कारण आहे. ५० फूट प्रति मिनिट वेगाने आधीच उतरणारे विमान वळणात उंची गमावते आणि विद्यार्थी दोष आपल्या हाताला देतो.

दुसरी पायरी दृश्याची. वळणात शिरण्यापूर्वी काउलिंगवरचा एखादा रिव्हेट किंवा स्क्रू हेरावा, जो नेमका तुमच्या डोळ्यांसमोर येतो. काउलिंगचा मध्य घेऊ नये. डाव्या आसनावरून मध्याकडे पाहिले तर डाव्या वळणात नाक वर गेल्याचा आणि उजव्या वळणात खाली गेल्याचा भास होतो. म्हणून डावीकडे उंची जाते आणि उजवीकडे वाढते. डोळ्यांसमोरचा रिव्हेट हा भास टाळतो. तो क्षितिजाच्या किती खाली आहे एवढेच पाहायचे, आणि दोन्ही वळणांत ते अंतर सारखे ठेवायचे.

तिसरी पायरी शिरण्याची. बँक सावकाश, सारख्या गतीने वाढवावी. ३० अंशांपर्यंत योक जवळजवळ जिथल्या तिथे राहतो. ३० ओलांडताना मागे दाब द्यायला सुरुवात करावी आणि त्याच वेळी १०० ते २०० आरपीएम वाढवावेत. दाब उशिरा दिला तर नाक आधी घसरते आणि मग पूर्ण वळण त्याच्यामागे धावण्यात जाते. बँक ठरल्यावर विमान आपणहून आणखी कलू पाहते, म्हणून थोडा एलरॉन वळणाच्या विरुद्ध द्यावा लागतो.

वळणात असताना नजरेचा क्रम बाहेर, उंची, बाहेर, बँक असा असावा. प्रत्येक उपकरणावर एक क्षण, त्यापेक्षा जास्त नाही. पूर्ण फेरी साधारण २६ सेकंदांत संपते, त्यामुळे अल्टिमीटरवर रेंगाळायला सवडच नसते.

उंची घटू लागली की विद्यार्थी योक जोराने ओढतो. जास्त बँकमध्ये त्या ओढण्याने वळण आवळते, जी वाढतो, आणि उंची फारशी परत येत नाही. आधी बँक ५ अंशांनी कमी करावी, नाक जागेवर आणावे, मग बँक पुन्हा लावावी. उंची वाढत असेल तर उलट: बँक किंचित वाढवावी किंवा दाब सैल करावा.

बाहेर पडताना मूळ दिशेच्या २० ते २५ अंश आधी पंख समतल करायला लागावे, आणि पंख समतल होत असताना मागचा दाब त्याच प्रमाणात सोडावा. दाब सोडला नाही तर विमान शंभर-दीडशे फूट वर उसळते. वळणात ट्रिम लावणाऱ्यांचे हे जास्त होते. त्यामुळे हाताला दाबाचा अंदाज येईपर्यंत ट्रिमला हात लावू नये असे मी सांगतो, जरी काही प्रशिक्षक सुरुवातीपासून ट्रिम वापरायला शिकवतात.

तपासणी: शांत हवेत फेरी पूर्ण होताना विमानाला एक छोटा धक्का बसला तर तो तुमच्याच विमानाने मागे सोडलेल्या खळबळलेल्या हवेचा असतो. उंची बऱ्यापैकी राखली गेल्याची ती खूण.

५. शँडेल

शँडेल म्हणजे १८० अंशांचे चढते वळण, जे स्टॉलच्या अगदी वरच्या वेगाला, पंख समतल असताना संपते. त्याची रचना दोन अर्धांची आहे आणि अर्ध्यावर नियम बदलतो. पहिल्या ९० अंशांत बँक स्थिर, पिच (नाकाचा वर-खाली कोन) वाढत जाणारा. दुसऱ्या ९० अंशांत पिच स्थिर, बँक कमी होत जाणारी. हे वाक्य झोपेतून उठवल्यावरही सांगता आले पाहिजे.

क्रम असा. प्रवेशवेगाला समतल उड्डाण स्थिर करावे. पंखाच्या टोकाशी ९० अंशांची खूण पुन्हा पाहून घ्यावी. ३० अंश बँक लावावी, आणि बँक लागल्यानंतरच नाक वर न्यायला सुरुवात करावी. बँक आणि पिच एकदम लावणे ही पहिली चूक. त्यात बँक ३० ऐवजी ४० होते आणि कळतही नाही. नाक वर निघाले की पूर्ण पॉवर द्यावी, पण वेग अजून चढा असताना थ्रॉटल एकदम ढकलू नये, अन्यथा आरपीएम लाल रेषेकडे, म्हणजे २,७००कडे जातात.

९० अंशांच्या खुणेपाशी पिच सर्वाधिक असतो. १७२मध्ये साधारण १२ ते १५ अंश. त्या क्षणापासून पिच गोठवायचा. वेग घटत असल्यामुळे तोच पिच राखायला योक उत्तरोत्तर जास्त मागे घ्यावा लागतो, आणि विद्यार्थ्याची खरी परीक्षा इथे होते, कारण हाताला वाटते की आपण आणखी वर खेचतो आहोत. डोळ्यांनी क्षितिजाशी खात्री करावी, हातावर विश्वास ठेवू नये.

बँक सोडण्याची गती ठरवायला १३५ अंशांची खूण उपयोगी पडते: तिथे बँक सुमारे १५ अंश उरलेली असावी. त्याहून कमी असेल तर पंख लवकर समतल होतील आणि विमान १८०पर्यंत पोहोचणारच नाही.

रडरचा हिशेब डाव्या आणि उजव्या शँडेलमध्ये वेगळा आहे. डाव्या शँडेलमधून पंख समतल करताना एलरॉनमुळे नाक डावीकडे ओढले जाते, आणि पॉवरही त्याला डावीकडेच ओढत असते. त्यामुळे उजवा रडर भरपूर लागतो. उजव्या शँडेलमध्ये हे दोन परिणाम परस्परांविरुद्ध जातात, म्हणून उजव्या पायाचा दाब थोडा सैल केला की बहुधा भागते. डावे शँडेल बिघडते आणि उजवे चांगले होते अशी तक्रार असेल तर आधी पायांकडे पाहावे.

शेवटची स्थिती पाहून सुरुवात तपासता येते. १८०च्या आधीच स्टॉलचा भोंगा वाजून विमान थरथरू लागले, तर पहिल्या अर्ध्यात पिच फार लवकर किंवा फार जास्त वाढवला गेला. पंख समतल झाले आणि वेग अजून बराच शिल्लक असेल, तर पिच कमी पडला. दोन्ही वेळा पुढच्या प्रयत्नात बदल पहिल्या ९० अंशांत करायचा.

इशारा: शेवटी भोंगा वाजणे ठीक आहे, स्टॉल होणे नाही. पंख समतल होताच नाक हळूहळू खाली आणावे, उजवा रडर कायम ठेवावा आणि वेग वाढू द्यावा. बॉल बाहेर असताना या वेगाला स्टॉल झाला तर स्पिन दूर नसतो.

६. लेझी एट

तिन्हींतला हा सर्वांत सौम्य दिसणारा आणि सर्वांत उशिरा जमणारा मॅन्युव्हर. यात कोणतीही गोष्ट स्थिर नसते: पिच, बँक, वेग, उंची आणि योकवरचा दाब सारे सतत बदलत राहते. एके ठिकाणी काहीतरी धरून ठेवण्याची सवय स्टीप टर्नने लावलेली असते, आणि तीच इथे आड येते.

एका बाजूच्या १८० अंशांत चार थांबे कल्पावेत, आणि त्यांच्यासाठी ४५, ९० आणि १३५ अंशांवर क्षितिजावरच्या तीन खुणा आधी निवडाव्यात. ४५ अंशांना नाक सर्वाधिक वर, बँक सुमारे १५ अंश. ९० अंशांना बँक सर्वाधिक म्हणजे सुमारे ३० अंश, नाक क्षितिजाला छेदून खाली निघालेले, उंची सर्वाधिक आणि वेग सर्वांत कमी. १३५ अंशांना नाक सर्वाधिक खाली, बँक पुन्हा सुमारे १५. १८० अंशांना पंख समतल, प्रवेशाची उंची १०० फुटांच्या आत, वेग १० नॉटच्या आत आणि दिशा १० अंशांच्या आत. तिथे न थांबता विरुद्ध बाजूला तेच.

सुरुवातीला नाक वर जाऊ द्यावे आणि बँक अगदी सावकाश येऊ द्यावी. वेग जास्त आणि बँक कमी असल्यामुळे पहिले ४५ अंश वळायला वेळ लागतो. तो वेळ असह्य होऊन विद्यार्थी बँक घाईने लावतो. मग ४५च्या खुणेला बँक २५ ते ३० झालेली असते, नाक पुरेसे वर गेलेले नसते, आणि ९०ची खूण येते तेव्हा विमान नुसत्या साध्या वळणात असते. लेझी एट 'बसत नाही' अशा दहा तक्रारींपैकी बहुतेकांचे मूळ या घाईत असते. उपाय सोपा आहे: ४५च्या खुणेपर्यंत बोटांनी योक धरावा, मुठीने नाही.

माथ्यावर, म्हणजे ९० अंशांच्या आसपास, नियंत्रणे मऊ पडतात. उजव्या बाजूच्या लेझी एटमध्ये इथे जरा विचित्र स्थिती येते: नाक डावीकडे ओढले जाते म्हणून उजवा रडर लागतो, आणि बँक वाढू पाहते म्हणून थोडा डावा एलरॉन लागतो. हे चुकीचे वाटले तरी बॉल मध्यात असेल तर बरोबर आहे. नाक खाली ढकलायचे नसते. दाब थोडा सैल केला की ते आपणहून क्षितिजाखाली उतरते. ढकलल्यास आसनावरून उचलले गेल्यासारखे वाटते, आणि मग उतार फार तीव्र होतो.

पॉवर एकदा ठरवली की मॅन्युव्हरभर तीच ठेवावी. ती बरोबर आहे की नाही हे १८० अंशांवरचे आकडे सांगतात, पण ते दोन्ही मिळून वाचावे लागतात. उंचीही जास्त आणि वेगही जास्त असेल तर पॉवर जास्त आहे. दोन्ही कमी असतील तर पॉवर कमी आहे. उंची जास्त पण वेग कमी असेल तर पॉवरला हात लावू नये: दुसऱ्या अर्ध्यात नाक पुरेसे खाली गेले नाही. उंची कमी आणि वेग जास्त असेल तर ते जास्त खाली गेले. हा भेद न करता दर वेळी थ्रॉटल हलवणारा विद्यार्थी डावा अर्धा सुधारतो आणि उजवा बिघडवतो.

तपासणी: प्रत्येक खुणेपाशी मोठ्याने बोलावे: "पंचेचाळीस, नाक वर, नव्वद, बँक तीस, एकशे पस्तीस, नाक खाली." बोलणे खुणेच्या मागे पडू लागले तर बँक फार वेगाने लावली जात आहे.

७. स्टीप स्पायरल आणि एट्स ऑन पायलॉन्स

हे दोन वाऱ्याचा हिशेब शिकवतात, आणि वरचे तीन जमल्यावर फारसा त्रास देत नाहीत.

स्टीप स्पायरलमध्ये थ्रॉटल बंद करून जमिनीवरच्या एका खुणेभोवती किमान तीन पूर्ण फेऱ्या घेत उतरायचे असते. बँक ६० अंशांच्या आत, वेग १० नॉटच्या फरकात, आणि शेवट जमिनीपासून १,५०० फुटांच्या वर. दर फेरीला सुमारे १,००० फूट जातील असे धरून सुरुवातीची उंची ठरवावी आणि आपल्या विमानाचा खरा आकडा पहिल्याच सरावात मोजून घ्यावा. वारा पाठीशी असताना बँक जास्त, समोरून असताना कमी. प्रत्येक फेरीत एकदा थ्रॉटल क्षणभर उघडून इंजिन मोकळे करावे. कार्ब्युरेटर असलेल्या जुन्या १७२मध्ये कार्ब हीट (बर्फ साचू नये म्हणून कार्ब्युरेटरला दिलेली गरम हवा) विसरू नये. बँककडे पाहता पाहता वेग वाढू देणे ही इथली नेहमीची चूक आहे.

एट्स ऑन पायलॉन्समध्ये, म्हणजे जमिनीवरच्या दोन खुणांभोवती आठचा आकडा काढताना, पंखाच्या टोकाशी दिसणारी खूण जागची हलू द्यायची नसते, आणि ते साधते फक्त विशिष्ट उंचीवर. नॉटमधल्या ग्राउंडस्पीडचा (जमिनीच्या तुलनेतल्या वेगाचा) वर्ग करून त्याला ११.३ने भागले की ती उंची फुटांत मिळते: १०० नॉटला सुमारे ८८५ फूट, ९० नॉटला सुमारे ७१७ फूट. खूण पंखाच्या पुढे सरकली तर खाली यावे, मागे पडली तर वर जावे. रडर दाबून खूण जागेवर आणणे ही चूक परीक्षकाला पहिल्या वळणातच दिसते, आणि इतक्या कमी उंचीवर ती धोक्याचीही आहे.

८. सरावाची मांडणी

एका उड्डाणात दोनपेक्षा जास्त मॅन्युव्हर घेऊ नयेत, आणि त्यांपैकी एक आधी जमलेला असावा. पाऊण ते एक तासानंतर, विशेषतः उन्हाळ्यात, पोट ढवळू लागते आणि हात जड होतात. त्यानंतरचे प्रयत्न वाईट सवयीच लावतात. सकाळची पहिली उड्डाणे मागून घ्यावीत, कारण तेव्हा हवा स्थिर असते आणि विमान हलले ते वाऱ्याने की तुमच्या हाताने हे कळते.

एकाच मॅन्युव्हरचे सलग तीन प्रयत्न बिघडले तर चौथा करू नये. समतल उड्डाणात यावे, ट्रिम पुन्हा बसवावा, क्लिअरिंग वळणे पुन्हा घ्यावीत, खुणा नव्याने निवडाव्यात आणि मग सुरुवात करावी. उतरल्यावर वहीत प्रत्येक प्रयत्नासाठी दोनच ओळी लिहाव्यात: प्रवेशाच्या वेळी उंची, वेग आणि ट्रिम कसे होते, आणि शेवटी आकडे काय आले. पुढच्या उड्डाणापूर्वीच्या ब्रीफिंगला ही वही उघडून बसावे आणि त्या दिवशी बदलायची एकच गोष्ट प्रशिक्षकासोबत ठरवून घ्यावी.